हंगामी निमंत्रक

राव सारांकडे मी गेलो होतो ते शिडी मागायला. बदली होऊन चेन्नईत आल्याला नऊ दिवस झाले होते आणि दिवाणखान्यातला दिवा गेला होता. नवा बल्ब खिशात होता, पण छत जुन्या पद्धतीचं, उंच. वॉचमनला मी हातवारे करून शिडी विचारली, त्यानं तेवढेच हातवारे करून दुसरा मजला दाखवला. दार उघडलं ते वेष्टी नेसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर अंगाऱ्याची बारीक उभी रेघ ओढलेल्या एका गृहस्थांनी. मी आडनाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"मराठी? मग कसाला बाहेर उभे? या, आत या."

तंजावरच्या मराठीत 'का'ला 'कसाला' म्हणतात. पुढची तीन वर्षं मी हा शब्द ऐकणार होतो आणि प्रत्येक वेळी त्यापाठोपाठ एक काम येणार होतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! कॉफी आली. ती टंबलरमधून डवऱ्यात, डवऱ्यातून टंबलरमध्ये निववता निववता त्यांनी माझी मुलाखत घेतली. मुलाखत चालू आहे हे मला कळलं नाही, यातच तिचं कसब.

"शिडीवर चढायला येतं तुम्हाला?"

"येतं की."

"चक्कर येत नाही?"

"नाही."

"गच्चीवर गेलांत कधी आपल्या?"

"अजून नाही."

"जा. चारी कोपऱ्यांत पावसाचं पाणी उतरायची भोकं आहेत. बघून या आणि मला सांगूं नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सांगू नका?"

"मला कसाला सांगतां? निमंत्रक तुम्ही. हंगामी हो. दुसरा माणूस मिळेपर्यंत."

मी खाली उतरलो तेव्हा एका खांद्यावर शिडी होती आणि दुसऱ्यावर गच्ची उपसमिती. बल्ब लावून झाला, उजेड पडला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यातही पडला. बायकोला सांगितलं तर ती पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे नारळ खोवायची विळी मागायला गेली आणि मुलांचं वाचनालय घेऊन परत आली.

चेन्नईच्या प्रत्येक पेठेत असे एखादे राव असतात. नावापुढं राव, बोलण्यात तमिळ, देवघरात मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी सतराव्या शतकात तंजावरला राज्य करू लागले, त्यांच्यामागून कारकून, पुराणिक, हिशेबनीस, आचारी असे जथे गेले आणि तिकडचेच झाले. राव सारांचे पूर्वज त्यातले हिशेबनीस. ते स्वतःही हिशेब तपासण्याच्याच नोकरीतून निवृत्त झालेले. "तुमची मराठी फार बदलली," असं ते मला दुःखानं सांगत, जणू तीनशे वर्षं मी त्यांची ठेव सांभाळत होतो आणि तिला वाळवी लागू दिली. त्यांची मराठी ऐकताना मला मात्र एखाद्या बखरीतला कारकून तमिळ चालीवर बोलतोय असं वाटे.

पण आपल्या पूर्वजांच्या लढायांबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत. त्यांचा अभिमान वेगळा. तंजावरच्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडला मुक्तांबाळच्या नावानं छत्र काढलं, तिथं वाटसरूंना अन्न आणि पोरांना फुकट शिक्षण मिळे, हे ते असं सांगत की काल सकाळीच जेवून आलेत. 1912 साली मद्रासेतल्या मराठी मंडळींनी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी महरट्टा एज्युकेशन फंड काढला, त्याचीही गोष्ट अशीच. आपण काय केलं ते मात्र सांगत नसत. सांगण्यासारखं त्यांनी स्वतः काही केलेलंच नसे. ते नेहमी दुसऱ्या कुणीतरी केलेलं असे.

आपल्याकडे पुढारी कसा ओळखायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. फेटा, हार, श्रीफळ, कोनशिला. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही अध्यक्षाचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरात. राव सारांचं नाव आमच्या बोर्डावर कुठंच नव्हतं. तिथं बारा बिऱ्हाडांची मिळून सतरा नावं होती आणि प्रत्येकापुढं तमिळमध्ये 'तर्कालिकम', म्हणजे हंगामी. ओला कचरा, हंगामी. मोटार आणि टाकी, हंगामी. पहिल्या मजल्यावरच्या पाट्टी, म्हणजे आजी, गेली अकरा वर्षं हंगामी होत्या. 1989 मध्ये याच शहरात एम. बी. निर्मल यांनी एक्स्नोरा काढली, गल्लीगल्लीत लोकांनी आपला कचरा आपण गोळा करायची पद्धत पाडली, तिच्या नव्वदच्या दशकातल्या तीनचाकी गाडीचा हिशेब ठेवणारा एक हंगामी गृहस्थ आमच्या तळमजल्यावर होता. गाडी जाऊन जमाना झाला. त्याचा राजीनामा अजून विचाराधीन होता.

'पन्हळ' हा शब्द माझ्या तोंडून ऐकला तेव्हा राव सारांना लुगड्याच्या घडीत जुनं नाणं सापडावं तसा आनंद झाला. लगेच बोर्डावर नवी ओळ आली. तमिळ लिपीत 'न्ह' बसेना, म्हणून ती 'पन्नळ् कमिटी' झाली. लोकांना वाटलं कुठल्यातरी नव्या सरकारी योजनेचं नाव असावं. त्यामुळे विरोध झाला नाही.

आता आम्ही राहत होतो त्या जागेची गंमत सांगितली पाहिजे. नुंगंबाक्कमचा हा भाग लेक एरिया म्हणून ओळखला जातो. लेक कुठं आहे विचारलं की लोक पायाखाली बोट दाखवतात. इथं तळं होतं, ते भरून टाकलं. शेजारी 1976 साली उभं राहिलेलं वळ्ळुवर कोट्टम, तिरुवारूरच्या रथासारखा दगडी रथ, तोही त्याच तळ्याच्या पोटात. तळ्याच्या पोटात घर बांधून राहणारे आम्ही उन्हाळ्यात पाण्यासाठी लॉरीची वाट बघायचो. (इथं टँकर म्हणत नाहीत, तण्णी लॉरी.) त्यावर कडी म्हणजे हवामान खात्याची वेधशाळाही याच नुंगंबाक्कममध्ये. इथली वेधशाळा 1792 सालची, तिचा ग्रॅनाइटचा खांब अजून आवारात उभा आहे. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं हे गाव पडलेला पाऊस काटेकोर मोजतं आणि मोजून झाला की समुद्राला देऊन टाकतं.

बरं, कायदा नाही म्हणावं, तर आहे. 2003 मध्ये तमिळनाडूनं घरोघर पाऊस साठवणं सक्तीचं केलं. आमच्या इमारतीनंही तेव्हा पाइप बसवले होते. मी हंगामी अधिकारानं शिडी लावून ते तपासले. चारांपैकी एक विहिरीच्या गाळणीत जात होता, दोन थेट गटारात आणि चौथा कुठंच जात नव्हता. तो भिंतीवर आठ फूट खाली येऊन थांबला होता, बोलता बोलता विसरल्यासारखा.

हे मी राव सारांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "मला कसाला सांगतां?"

मग मी प्लंबर आणला. मीच. ज्याला तमिळमध्ये एक ते दहा म्हणता येत नव्हतं, त्यानं.

गाळणी उघडायचा दिवस माझ्या डोळ्यांपुढं अजून जसाच्या तसा आहे. सप्टेंबर संपत आला होता. आपल्याकडे पाऊस जायला निघतो तेव्हा यांचा यायचा असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून. स्कूटरच्या पार्किंगमागं विहीर, तिच्यावर लोखंडी झाकण आणि बाजूला जमिनीत विटांचा चौकोनी हौद. हौदात वरून खाली वाळू, कोळसा, गोटे, असं असायला हवं. फरशी उचलली तर बदामाची कुजलेली पानं हातभर. त्याखाली दोन शटलकॉक, एक रबरी चेंडू, डाव्या पायाची चप्पल आणि एक बेडूक. बेडकानं आमच्याकडे, भाडं थकलेल्या बिऱ्हाडाकडे मालकानं बघावं तसं पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

प्लंबर म्हणाला, गोटे फेका, नवे आणा. तेवढ्यात आमच्याकडे काम करणाऱ्या अक्का जिन्यावरून उतरत होत्या. राव सार गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी वरूनच तमिळमध्ये विचारलं, "अक्का, हे गोटे धुता येतील का हो? की फेकायचे?"

विचारलं फक्त. सांगितलं काहीच नाही. अक्कांनी पदर खोचला. एक घमेलं मागवलं, एक रोळी मागवली आणि तांदूळ धुवावेत तसे ते गोटे तीन पाण्यांनी धुतले. पहिल्या पाण्याचा रंग कॉफीचा, दुसऱ्याचा चहाचा, तिसरं आरपार. आणि पाणी कुठलं, तर प्रत्येक घरच्या शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं. पाणी पिण्याजोगं करताना ती यंत्रं त्यातलं बरंचसं मोरीत सोडतात. अक्कांनी बारा घरांच्या बेल वाजवून बारा बादल्या आणवल्या. माझे आजोबा साताऱ्याकडचे, रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढलेले. घरोघरच्या बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या, त्या मुष्टिफंडावर पोरं शिकली, हे त्यांच्याकडून ऐकत मी मोठा झालो. ते मी तिथं राव सारांना सांगितलं, आणि तेवढंच चुकलं. संध्याकाळी बोर्डावर 'बादली फंड' लागला. हंगामी निमंत्रक अक्का.

अक्कांना आधी वाटलं की कामात आणखी एक काम वाढलं. मग त्यांच्या लक्षात आलं की निमंत्रकाला बिऱ्हाडकरूंवर ओरडता येतं. सातव्या दिवशी बादली न ठेवणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना त्यांनी जिन्यात जे सुनावलं, ते मला भाषा न येताही समजलं.

संध्याकाळी गच्चीवर मुलं जमत. कूवम नदीकाठच्या वस्तीतली, आसपासच्या घरकामवाल्या बायकांची, वॉचमनची. कोविडनंतर, 2021 मध्ये, राज्य सरकारनं 'इल्लम तेडि कल्वि' काढलं, घराच्या दाराशी शिक्षण, गल्लीतल्याच स्वयंसेवकांनी शिकवायचं. राव सारांचा वर्ग त्याच्याही आधीचा. शिकवायला मात्र ते क्वचितच बसत आणि बसले की वर्ग मागं जाई. अपूर्णांक शिकवताना छेद आणि अंश यांत त्यांचा कायम घोळ. आयुष्यभर दुसऱ्याचे हिशेब तपासलेल्या माणसाला स्वतः मांडणी करायची सवय राहिली नसावी. म्हणून आठवीतलं पोर पाचवीतल्याला शिकवी, पाचवीतलं दुसरीतल्याला आणि राव सार सर्वांत लहान पोराकडून तमिळ कविता म्हणून घेत.

नोव्हेंबरात एकदा रात्रभर धो धो कोसळला. सकाळी साडेआठला वेधशाळा चोवीस तासांचा आकडा घेते. राव सार तोवर कुणाशी बोलत नसत. आकडा साठच्या आसपास आला. संध्याकाळी त्यांनी फळ्यावर गणित घातलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपली गच्ची दोनशे चौरस मीटर. तर किती? त्यांनी स्वतःच उत्तर लिहिलं, 1,200.

मागून अक्कांची मुलगी म्हणाली, "सार, शून्य."

"काय शून्य?"

"एक शून्य राहिलं. 12,000."

वर्गात कुणीतरी ओरडलं, "एक लॉरी!"

खरोखरच, आमच्याकडे यायची ती लॉरी 12,000 लिटरचीच. एका रात्रीत एक लॉरी आकाशातून येऊन गेली होती, तिला भाडं नाही, ड्रायव्हरला चहापाणी नाही. पोरं कठड्यावरून खाली विहिरीकडे अशी बघायला लागली की तिथं आत्ता हॉर्न वाजेल. राव सारांनी खडू त्या मुलीच्या हातात दिला. परत घेतलाच नाही.

वार्षिक सभेला तीच मुलगी फळ्यासमोर उभी. सभेत आमचे खजिनदार, बँकेतून निवृत्त, कुठल्याही खर्चाला जन्मजात विरोध. "सगळं पाणी थोडंच विहिरीत जातं?" ते गरजले. "गच्ची पिते, ऊन पितं, सांडतं."

मुलीनं क्षणभर विचार केला. "मग पाचवा हिस्सा सोडा, अंकल. 9,600." आणि वर पुस्ती जोडली, "9,000 ची पण लॉरी येते."

2019 च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले होते आणि जोलारपेट्टैहून 50 वाघिणींची पाण्याची आगगाडी आणावी लागली होती, 25 लाख लिटरची. ती सभेत सगळ्यांना आठवत होती. दोन्ही पाइप गटारातून काढून गाळणीला जोडायचा ठराव झाला. खजिनदारांनी मग मोर्चा वर्गाकडे वळवला: मुलं शिकायला येत नाहीत, सुंडल खायला येतात. (रोज संध्याकाळी उकडलेले हरभरे, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि खोबरं.) राव सार पहिल्यांदाच उभे राहिले. म्हणाले, इथून हाकेच्या अंतरावर थाउजंड लाइट्सच्या शाळेत 1920 साली मद्रास कॉर्पोरेशननं मुलांना खाणं द्यायचं ठरवलं, त्यागराय चेट्टी अध्यक्ष होते, दर मुलामागं दिवसाला फार तर एक आणा. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की पोरं खायला येतात. "येऊं देत. खायला येतील तर बसतील, बसतील तर शिकतील." आणि खाली बसता बसता, "खजिनदार सार म्हणतात ते बरोबर, सुंडलवर कुणाची तरी नजर हवी. त्यांच्याइतकी बारीक नजर आपल्यात कुणाची?"

टाळ्या पडल्या. खजिनदार हंगामी झाले. पुढल्या महिन्यात ते स्वतः हरभरे भिजत घालत होते आणि खोबरं कमी पडलं म्हणून किराणावाल्याशी भांडत होते.

मला बरेच दिवस या माणसाचा उलगडा होत नव्हता. काम गळ्यात मारणारे पुष्कळ पाहिलेत, नोकरीत तर त्यांचीच चलती. पण ते काम देतात आणि मग मागं उभं राहून मान लांब करून बघतात. राव सार काम दिलं की विसरून जात. चुकलं तरी विचारत नसत, जमलं तरी पाठ थोपटत नसत. मी चौथा पाइप तीनदा चुकीचा जोडला. चौथ्यांदा बरोबर बसला, कारण तोपर्यंत तो माझा पाइप झाला होता. ही त्यांची मुरलेली युक्ती, की साधा वयाचा विसरभोळेपणा? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "विसरभोळा माणूस शिडी कुणाकडे आहे ते कसं लक्षात ठेवतो?"

खरं होतं. शिडी कुठं आहे ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानं शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या बायकांना. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सही घ्यायला घरी रजिस्टर येतं, एवढीच त्या जागेची ओळख. अक्का मुलीच्या शाळेच्या समितीत गेल्या. पहिल्या बैठकीहून आल्या त्या तणतणत. नळ आहेत, पाणी नाही. गच्ची आहे, पाइप नाही. राव सारांनी ऐकून घेतलं आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य तमिळमध्ये म्हणाले. मला आता तेवढं तमिळ येत होतं.

दुसऱ्या दिवशी शिडी शाळेत गेली. अक्कांनी पुढं, वॉचमननं मागं धरलेली, मुलगी हातात मीटरपट्टी घेऊन मधून चालत. ती शिडी परत आली नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेली, असं कानावर आलं. आमच्या इमारतीतले दिवे त्यानंतर स्टुलावर स्टूल ठेवून बदलले जात.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी राजीनामा लिहून राव सारांकडे गेलो. कॉफी झाली. त्यांनी कागद वाचला, घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. "हंगामी माणूस राजीनामा देत नाही. हंगाम संपला की जातो."

पुण्यात येऊन आता दोन पावसाळे झाले. ऑक्टोबर लागला की अधूनमधून सकाळी पावणेनऊला फोन वाजतो.

"नुंगंबाक्कम चव्वेचाळीस मिलिमीटर. मीनंबाक्कम कमी. तुमच्याकडे?"

"आमचा संपला हो राव सार. परतला."

"मग गच्चीची भोकं कोण बघतो तिथं?"

"मला काय माहीत?"

थोडा वेळ तिकडून नुसता पावसाचा आवाज. मग, "बरं, तुमच्या सोसायटीत शिडी कुणाकडे आहे?"

मी मान वळवली. परवाच माळ्यावरचं सामान काढायला घेतलेली नवी अ‍ॅल्युमिनियमची शिडी दारामागं उभी होती.

"माझ्याकडेच आहे."

"छान," राव सार म्हणाले. "मग लोक येतीलच. कॉफी ठेवत जा."